टाकीतली नीळ

हिशेबच मांडायचा तर त्या रविवारी तिच्या पदरात पडण्यासारखं फारसं काही नव्हतं. थोडी शांतता, आणि ‘मी म्हणत नव्हते?’ हे तीन शब्द उच्चारायची संधी. शांतता कुणालाही हवीच असते, त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण तिला जास्त ओढ होती ती त्या तीन शब्दांची, आणि हे तिने स्वतःलाही अजून नीटसं सांगितलेलं नव्हतं. इतक्या वर्षांच्या संसारात घराची वाटणी आपसूक होऊन गेली होती. शब्द तिचे, वस्तू त्याच्या. ती न्यायालयात लघुलेखिका; साक्षीदार जे बोलेल ते जसंच्या तसं उतरवायचं आणि मग त्याचं त्यालाच वाचून दाखवायचं, हे तिचं काम. तो घड्याळं दुरुस्त करणारा. बाजाराच्या कोपऱ्यावर एक माणूस आणि एक काचेचं कपाट कसंबसं मावेल एवढं त्याचं दुकान. कोण कधी काय म्हणालं यावर वाद झाला की ती जिंकायची, आणि कशाचं काय बिघडलंय यावर झाला की तो. पंखा, मिक्सर, कुलूप, इस्त्री, नळ, यांच्या बाबतीत त्याचा शब्द शेवटचा. आता संडासातली फ्लशची टाकी गळते असं ती म्हणत होती, आणि गळत नाही असं तो. म्हणजे त्याच्याच मुलखात शिरून त्याला हरवायचा योग पहिल्यांदा जुळून आला होता. असा योग बायका सोडत नाहीत. नवरेही सोडत नाहीत, पण त्यांना तो वरचेवर येतो, म्हणून त्यांचं कुणाच्या लक्षात राहत नाही.

टाकीच्या तळाला एक भोक असतं आणि त्या भोकावर एक रबरी झडप बसलेली असते. दांडा दाबला की साखळी ओढली जाते, झडप उचलते, पाणी धावत खाली जातं, आणि टाकी रिकामी झाली की झडप पुन्हा आपल्या जागी बसते. ती नीट बसली नाही तर पाणी गुपचूप भांड्यात झिरपत राहतं. वरून पाहिलं तर काही दिसत नाही. मग केव्हातरी टाकीतली पातळी उतरते, आणि टाकीला वाटतं की कुणीतरी येऊन गेलं, म्हणून ती आपली आपण भरायला लागते. हा भरण्याचा आवाज तिला पहिल्यांदा ऐकू आला तेव्हा ती ओट्याशी उभी होती, आणि तिला वाटलं की तो आत गेलाय. वळून पाहिलं तर तो समोर टेबलाशी. घरात तिसरं माणूस नाही. लेक लग्न होऊन दुसऱ्या शहरात. कुणी गेलेलं नसताना कुणीतरी आत्ताच बाहेर पडल्यासारखा तो आवाज, घरात असेपर्यंत दर थोड्या वेळाने. मधल्या वेळात ती तो यायची वाट बघायची, आणि हे वाट बघणं आवाजापेक्षा वाईट होतं. न्यायालयातही एखादा साक्षीदार बोलता बोलता थांबतो तेव्हा पेन्सिल कागदावर टेकवून ती अशीच अडकून राहायची.

तिने त्याला सांगितलं. त्याने कान देऊन पाहिलं आणि म्हणाला, काही नाही. काही दिवसांनी पुन्हा सांगितलं, तेव्हा तर तो जरा जास्तच ठामपणे म्हणाला की आता काहीच नाही, सगळं व्यवस्थित आहे. त्या ‘आता’कडे तिचं लक्ष गेलं नाही. एरवी एका शब्दावरून माणसाचा अख्खा जबाब फिरलेला तिने पाहिलेला होता. पण ते न्यायालयात. घरात आपण इतकं लक्षपूर्वक ऐकत नाही. घरात आपल्याला माहीतच असतं.

तर तो रविवार. तो टेबलाशी कुणाचं तरी मनगटी घड्याळ उघडून बसलेला, डोळ्याला भिंग, समोर पांढऱ्या फडक्यावर तिळाएवढे स्क्रू. टाकी भरायला लागली. ती म्हणाली, “आत्ता. आत्ता ऐका.” त्याने चिमटा खाली ठेवला, भिंग कपाळावर सरकवलं, एक बोट वर केलं आणि डोळे मिटून मान थोडी तिरपी केली. ही त्याची जुनी लकब. ते बोट वर गेलं की घरातली सगळी माणसं श्वास धरून उभी राहायची. लेक लहान असताना तर एका पायावर उभी राहायची, खेळ समजून. आवाज चांगला भरघोस येत होता. भिंतीपलीकडच्या शेजाऱ्यांनाही येत असेल. त्याने पुरेसा वेळ घेतला. मग डोळे उघडले आणि म्हणाला, “काही नाही. बंद आहे सगळं.” आणि चिमटा उचलला.

खोटं बोलणारा माणूस कसा दिसतो हे तिला चांगलं ठाऊक होतं. उभा जन्म तिने साक्षीदाराच्या पिंजऱ्यापासून हातभर अंतरावर बसून काढला होता. खोटं बोलणारा उत्तराआधी जरासा पुढे झुकतो, किंवा प्रश्न पुन्हा विचारायला लावतो, किंवा गरजेपेक्षा एक वाक्य जास्त बोलतो. हा यातलं काहीच करत नव्हता. हा खरं सांगणारा माणूस होता आणि तो जे सांगत होता ते साफ खोटं होतं. या दोन्ही गोष्टी एकाच तोंडावर होत्या. असं दिसलं की तिथे थांबून बघावं लागतं, आणि तिला थांबायचं नव्हतं. त्यापेक्षा त्याला हेकट ठरवणं सोपं होतं. तिने त्याला हेकट ठरवलं, आणि तिला नीळ आठवली.

म्हणजे आठवला तो एक खटला. घरमालक आणि भाडेकरू, पाणी कोण वाया घालवतं यावरून एकमेकांच्या उरावर बसलेले. त्यात साक्षीला आलेल्या प्लंबरने सांगितलं होतं की झडप गळते की नाही ते कळायला कान लागत नाही, डोळे पुरतात. टाकीत रंग टाकायचा, काही वेळ कुणी आत जायचं नाही, आणि मग भांड्यात बघायचं. रंग उतरलेला असला तर झडप गळते, नसला तर नाही. तिने ते उतरवून घेतलं होतं, त्याला वाचून दाखवलं होतं, आणि त्याने होय म्हणून मान हलवली होती. ‘कान लागत नाही’ हे शब्दही तिच्याच हातचे. त्या रविवारी तिला त्यातला रंग तेवढा आठवला.

कपड्यांची नीळ कपाटात होती. संडासाचं दार लावून घेऊन तिने टाकीचं जड झाकण दोन्ही हातांनी उचललं, आवाज न करता बाजूला ठेवलं, आणि मग त्याचं हसू आलं तिला. आवाज न करण्याची काळजी कशासाठी घेत होती ती? चष्मा टेबलावर राहिलेला. पाण्यात खाली, साखळीच्या आसपास काहीतरी चमकल्यासारखं झालं, पण तोवर तिने बाटली कलती केली होती. निळा ढग पाण्यात उतरला, पसरला, आणि सगळं दिसेनासं झालं. बाहेर येऊन तिने त्याला सांगितलं, थोडा वेळ आत जाऊ नका. तो “हो, हो” म्हणाला. अलीकडे तो प्रत्येक गोष्टीला हो-हो म्हणायचा, त्यामुळे त्याने ऐकलंय की नाही याची तिला खात्री वाटेना, आणि ती वाळलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन संडासाच्या दारासमोरच घड्या घालत बसली. न्यायालयाच्या दाराशी पट्टेवाला बसतो तशी. पुराव्याला कुणी हात लावू नये म्हणून.

घड्या घालताना हाताला काम असतं आणि डोकं मोकळं सुटतं. ते सुटलं की ते कुठे जाईल ते सांगता येत नाही. तिचं गेलं थेट माहेरच्या बैठकीत. तो बघायला आला होता. बरोबरची माणसं बोलत होती, आणि हा मुलगा मात्र भिंतीकडे पाहत होता. तिच्या वडिलांनी विचारलं, काही हवंय का? तर म्हणाला, “तुमचं घड्याळ लंगडतंय.” वडिलांनी ते घड्याळ स्वतः निवडून आणलेलं होतं. त्यांचा चेहरा पडला. मुलगा उठला, कुणाची परवानगी न घेता खुर्चीवर चढला, आणि घड्याळाची पेटी दोन्ही हातांनी धरून जराशी, नखभर, एका बाजूला कलती केली. मग बोट वर केलं. सगळी बैठक गप्प. टक आणि टक यांच्या मधलं अंतर एकसारखं झालं होतं, आणि ते आधी नव्हतं हे सगळ्यांना तेव्हा कळलं. वडील नंतर म्हणाले की मुलगा आगाऊ आहे. तिला वाटलं होतं की जो भिंतीवरच्या घड्याळाचं इतकं ऐकतो तो बायकोचंही ऐकेल. या अंदाजात ती अर्धी बरोबर निघाली, जे लग्नाच्या मानाने चांगलंच म्हणायचं. वडील गेल्यावर ते घड्याळ तिच्याकडे आलं. आता ते टेबलामागच्या भिंतीवर होतं, त्याच्या डोक्याच्या वर.

एक टॉवेल झाला, एक चादर झाली. लेकीचा फोन आला की तो हल्ली पहिल्या दोन वाक्यांतच म्हणायचा, “हं, आईशी बोल,” आणि फोन तिच्या हातात द्यायचा. लेक एकदा तिला म्हणाली होती, बाबा माझ्यावर रागावलेत का गं? तिने सांगितलं, नाही गं, कामात असतात. पाहुण्यांमध्ये कुणी विनोद केला की तो सगळ्यांच्या मागून हसायचा, एखाद्या क्षणाने, दुसऱ्यांचे चेहरे पाहून. दुकानात त्याने आपली खुर्ची फिरवून घेतली होती, उजेडासाठी म्हणाला. आता गिऱ्हाईक त्याच्या डाव्या बाजूला उभं राहायचं. आणि भांडणं. गेल्या वर्ष-दीड वर्षात भांडणं जवळजवळ बंदच झाली होती. ती दुसऱ्या खोलीतून काहीबाही टोचून बोलायची, आणि तो उलट उत्तर द्यायचा नाही. वयाने माणूस मवाळ होतो असं तिने मैत्रिणींना सांगितलं होतं, वर थोडा भावही खाल्ला होता. आता हातातली उशीची खोळ तशीच राहिली. तो मवाळ झालेला नव्हता. त्याला ऐकूच आलेलं नव्हतं. इतके दिवस ती सगळी भांडणं तिने एकटीने केली होती आणि एकटीनेच जिंकली होती.

हे सगळं तिला नव्याने कळलं असं म्हणता येणार नाही. यातलं प्रत्येक तिने ज्या त्या वेळी पाहिलेलं होतं. फक्त उतरवून घेतलेलं नव्हतं. जे उतरवून घेतलं नाही ते झालंच नाही, हा तिच्या खात्याचा नियम. तो घरी आणायची काही गरज नव्हती. ती उठली आणि आत गेली. भांड्यातलं पाणी निळं झालं होतं. गडद नाही, पहाटेच्या आभाळाएवढं. आणि वरच्या कडेखालून, पांढऱ्या चिनी मातीवरून, एक बारीक निळा धागा हलत खाली येत होता. म्हणजे ती बरोबर होती. महिनाभर बरोबर होती. दांडा हातालगत होता. दाबला असता तर सगळं एका झटक्यात वाहून गेलं असतं, पुरावा आणि आरोप दोन्ही, आणि दुसऱ्या दिवशी तो दुकानात गेल्यावर कुणालातरी बोलावून झडप गुपचूप बदलून घेता आली असती. हात दांड्यापर्यंत गेलाही. पण ते तीन शब्द तिच्या जिभेवर महिनाभर मुरत पडले होते, आणि इतके दिवस जपलेली वस्तू माणूस सहजासहजी फेकत नाही. शिवाय, तिने स्वतःला समजावलं, खरं ते समोर यायलाच हवं. खरं समोर आणायचा इतका उत्साह माणसाला क्वचितच दुसऱ्याच्या भल्यासाठी येतो. तिने त्याला हाक मारली. दोनदा मारावी लागली. मग जाऊन खांद्याला हात लावला.

तो हात पुसत आला, भिंग कपाळावर. भांड्यात पाहून तो गोंधळला. “भांड्यात नीळ कशाला टाकलीस?”

“भांड्यात नाही टाकली. टाकीत टाकली.”

वस्तूंच्या माणसाला याहून जास्त सांगावं लागत नाही. तो खाली वाकला आणि त्या निळ्या धाग्याकडे बघत राहिला. तिला वाटलं होतं त्याच्या तोंडावर हरल्याची चिडचिड दिसेल, मग ती ते तीन शब्द म्हणेल, मग तो काहीतरी कुरकुरेल, आणि दोघं जेवायला बसतील. तसलं काही दिसलं नाही. आपल्याच घराच्या जिन्यावर चुकून एक पायरी जास्त धरून पाय टाकावा, तसा त्याचा चेहरा झाला होता. आणि नेमकी तेव्हाच टाकी भरायला लागली. तिची नजर आपोआप वर गेली. त्याची खालीच होती. मग त्याने तिची नजर वर गेलेली पाहिली, आणि तिच्या नजरेमागून हळूच टाकीकडे पाहिलं. त्याने तळवा टाकीवर ठेवला. टाकी थरथरत असणार. तो तसाच उभा राहिला, डोळे मिटून, आणि पाणी थांबलं त्याच क्षणी त्याने तळवा उचलला. ना आधी, ना नंतर.

“कधीपासून?” त्याने विचारलं.

“काल-परवापासून असेल,” ती म्हणाली. सगळ्या नोकरीत तिने कुणाच्या जबाबातला एक काना इकडचा तिकडे केला नव्हता.

“जबाब बदलू नकोस. महिनाभर सांगतेयस.”

ते तीन शब्द कुठे गेले ते तिला कळलं नाही. तो मात्र कामाला लागला, आणि काम हाती आलं की त्याचे हात पुन्हा त्याचे झाले. टाकीखालचा कॉक फिरवून त्याने पाणी बंद केलं. दांडा दाबला. निळं पाणी गडगडत गेलं आणि टाकी रिकामी झाली. झाकण काढून त्याने आत हात घातला, साखळी सोडवली आणि झडप बाहेर काढली. रबर कुजून मऊ झालं होतं; बोटं काळी झाली. साखळीच्या वरच्या टोकाला, दांड्याशी जोडलेल्या जागी, एक पोलादी कडी होती. मनगटी घड्याळाच्या पट्ट्यातली. नवी, लखलखीत, त्या शेवाळलेल्या साखळीत अगदीच परकी. मघाशी चमकलं ते हेच.

“ही इथे कधी लावलीत?” तिने विचारलं.

तो कडीकडे बघत होता, म्हणून त्याला प्रश्न कळला नाही; पण उत्तर त्याच्याकडे तयार होतं, आणि ते त्याने आपण होऊनच दिलं. “मी बघितली होती ना ही. तू पहिल्यांदा म्हणालीस, त्याच्या दुसऱ्या दिवशी. तू कामावर होतीस. हूक झिजला होता, म्हणून ही कडी घातली. झडपही पुसून बसवली.” तो थांबला. मग म्हणाला, “कान लावून बघितला होता गं. अगदी टाकीला टेकवून. काही नव्हतं.”

म्हणजे तो तिचं ऐकून उठला होता. तिने सांगितलं ते खरं मानून, तोंडाने नाही नाही म्हणत, ती घरात नसताना त्याने दुकानातून कडी आणली होती, हात घाण करून घेतले होते, आणि मग टाकीला कान टेकवला होता. तिथे शांतता होती. आयुष्यभर त्याला शांतता ऐकू आली की काम झालेलं असायचं. तिच्यावर अविश्वास म्हणून तो ‘आता काहीच नाही’ म्हणत नव्हता. आपल्या कानावरच्या विश्वासाने म्हणत होता. ती शांतता पाण्याची नव्हती, त्याचीच होती, हे त्याला आत्ता, एका निळ्या धाग्याने सांगितलं होतं. आणि तो धागा तिने सोडला होता.

तो चपला घालू लागला तेव्हा तीही निघाली. तो नको म्हणाला नाही. जुनी झडप पिशवीत घालून त्याने हातात धरली होती. हार्डवेअरचं दुकान दोन गल्ल्या पलीकडे, रस्त्यालगत. बाहेर एक ट्रक इंजिन चालू ठेवून उभा होता आणि त्यातून पाइप उतरत होते. दुकानदार चांगला माणूस, गडबडीतला. पिशवीत डोकावून म्हणाला, “फ्लॅपर ना? दोन इंची की तीन?” तो म्हणाला, “हो.” दुकानदाराने पुन्हा विचारलं. तो पुन्हा हो म्हणाला, या वेळी हसून. ती त्याच्या समोर आली, आणि आपल्याच मनातला प्रश्न असल्यासारखं दाखवत म्हणाली, “दोन की तीन हो आपली?” त्याने तिच्या ओठांकडे पाहिलं आणि म्हणाला, “दोन. तीन कशी असेल, जुन्या टाकीला?” उत्तर बरोबर होतं, दुकानदाराला पटलंही. पण दुकानदाराने एकदा त्याच्याकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं, आणि त्यानंतर तो तिच्याशीच बोलू लागला. साखळीसकट देऊ का, रबर कडक हवं की मऊ, बसवायला माणूस पाठवू का. वाईट हेतूने नाही. ज्या खिडकीवर काम होतं तिथे माणूस उभा राहतो, इतकंच. ती प्रत्येक प्रश्न त्याच्याकडे वळवत होती आणि प्रत्येक उत्तराला दुकानदार मान तिच्याकडे बघून डोलवत होता. नवी झडप दुकानदाराने तिच्या हातात दिली. तिने ती लगेच नवऱ्याच्या हातात दिली. ते दोघांनीही पाहिलं.

परतताना ती बोलत राहिली, कारण गप्प राहणं जड जात होतं. बरं झालं लगेच मिळाली, उन्हं किती चढलीत, असलं काहीतरी. प्रत्येक शब्द सुटा करून, त्याच्याकडे तोंड वळवून. एका खांबापाशी तो थांबला. “एवढं सावकाश नको बोलूस,” तो म्हणाला. “बहिरा झालोय, मंद नाही.” तो शब्द घरात कुणी उच्चारलेला नव्हता. तो त्यानेच पहिल्यांदा उच्चारावा, तेही भर रस्त्यात, हातात संडासाची झडप घेऊन, याचं तिला रडूही आलं आणि हसूही, आणि दोन्ही एकदम आलं की माणूस नाक पुसतो. तिने नाक पुसलं. मग तिने विचारलं, दुकानात कसं करता? गिऱ्हाइकं? तो म्हणाला की हातावर बसलेली घड्याळं हाताला कळतात, चालतं की नाही ते बोटाला लागतं. मोठ्यांचं अवघड. मोठी त्याने हल्ली घेणं बंद केलं होतं. जागा नाही म्हणून सांगत होता.

घरी येऊन त्याने झडप बसवली. दोन्ही कान, म्हणजे झडपेचे ते दोन रबरी कान, नळीच्या खुंट्यांवर चढवले, नवी साखळी दांड्याला अडकवली, कॉक उघडला. टाकी भरली. फ्लश केला, पुन्हा भरली. पाण्यात निळीचा अंश अजून होता, दर खेपेला फिकट होत चाललेला. मग त्याने सवयीने बोट वर केलं, डोळे मिटले, मान तिरपी केली. ती सवयीने श्वास धरून उभी राहिली. आणि अर्ध्यावरच त्याने डोळे उघडले. आपलं वर गेलेलं बोट त्याने पाहिलं, जणू कुणी दुसरंच ते तिथे विसरून गेलंय. ते खाली घेतलं, आणि भिंतीला टेकून तिला जागा करून दिली.

“तू सांग.”

ती वाकली. टाकीला कान लावताना तिला आपण कुणाच्या तरी खुर्चीत बसतोय असं वाटलं. आधी काही नव्हतं. मग होतं: अगदी बारीक, कागदावरून नख फिरवल्यासारखं. थांबलं म्हणाली असती तर त्याने विश्वास ठेवला असता. आता तिचा कोणताही शब्द त्याला मानावाच लागणार होता, आणि म्हणूनच तिला खोटं बोलता येईना. ज्याला पडताळून बघता येत नाही त्याला वाचून दाखवताना एक अक्षर चुकवायचं नसतं. तिने मान हलवली. “अजून येतंय. बारीक.” तो रागावला नाही. त्याने साखळी पाहिली, ओढलेली होती, झडप पुरती टेकत नव्हती. पट्ट्याची कडी घालताना त्याने हीच चूक केली होती, पण तेव्हा त्याला ती सांगायला कुणी नव्हतं. त्याने साखळी एक कडी सैल केली. पुन्हा फ्लश. पुन्हा टाकी भरून थांबली. तिने कान लावला आणि या वेळी बराच वेळ लावून ठेवला.

“थांबलं.”

“नक्की?”

“नक्की.”

त्याने झाकण ठेवलं. ती चमकदार कडी त्याने पुसली, उजेडात धरून एकदा पाहिली, आणि शर्टाच्या खिशात टाकली.

दुपारी तो पुन्हा टेबलाशी बसला. तिने उरलेल्या कपड्यांच्या घड्या घालून घेतल्या. टाकी मुकाट्याने भिंतीला लागून उभी होती. ती काही वेळ सवयीने वाट पाहत राहिली आणि मग तिच्या लक्षात आलं की आता कशाचीच वाट पाहायची नाही. शांतता होती, पुरेपूर, मागितली होती तेवढी. हिशेब पुन्हा मांडायचा तर ते तीन शब्द तसेच राहिले होते, आता कधीही वापरता न येण्यासारखे. शांतता मिळाली, ती त्याच्याकडे आधीपासूनच होती, न मागता. आणि जे काही द्यावं लागलं ते सगळं एका सकाळीत त्याच्याकडून वसूल झालं होतं: त्याचा कान, वस्तूंवरचा त्याचा शेवटचा शब्द, दुकानदाराची नजर. तिचं काहीच गेलं नव्हतं. ती बरोबर होती.

मग तिला ते ऐकू आलं. टक, आणि जरा जास्त थांबून, टक. पुन्हा टक, आणि लगेच टक. वडिलांचं घड्याळ लंगडत होतं. किती दिवस लंगडत होतं कोण जाणे. पाण्याच्या आवाजाखाली तिला ते कळलं नव्हतं, आणि त्याला कळायचा आता प्रश्न नव्हता. तो त्याच्याच खाली बसलेला होता, मान वाकवून, डोळ्याला भिंग लावून, कुणाच्या तरी मनगटी घड्याळाच्या पाठीवर बोटाचं टोक टेकवून ते चालतंय का ते बघत. ती उठायला लागली आणि परत बसली. सांगायचं म्हणजे आणखी एकदा नीळ टाकायची. उद्या सांगू. उद्या त्याचा हात धरून पेटीवर ठेवू. हाताला कळतं म्हणाला होता, मोठ्यांचंही कळेल कदाचित. आजचं त्याचं भरून झालं होतं. उरलेलं तिने आपल्या नावावर घेतलं, आणि संध्याकाळ होईपर्यंत त्या खोलीत बसून ते लंगडणं एकटीने ऐकलं.